बाटलीत मोजलेलं मीठ

१४ ऑगस्ट २०१४ रोजी निघालेल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या अंकात मिठावर तीन लेख होते. त्यांतला एक सांगत होता की २०१० या एका वर्षात हृदयविकार आणि पक्षाघातानं जगभर जे मृत्यू झाले, त्यांतल्या साडेसोळा लाख मृत्यूंचं खापर दिवसाला २ ग्रॅमहून जास्त सोडियम खाण्यावर फोडता येतं. दुसरा लेख सतरा देशांतल्या एक लाखाहून अधिक माणसांबद्दल होता. त्यात दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम खाणारे सगळ्यांत सुखरूप निघाले. सहाच्या वर धोका वाढत होता, पण तीनच्या खालीही वाढत होता. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. म्हणजे एका लेखाप्रमाणे ५ ग्रॅम मीठ, साधारण एक चहाचा चमचा, ओलांडला की जिवाला धोका. दुसऱ्याप्रमाणे साडेसात ग्रॅमच्या खाली उतरलात तरी धोका.

एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात हे छापून आलं होतं. दुसऱ्या लेखामागच्या 'प्युअर' प्रकल्पाचे सूत्रधार सलीम युसूफ. जन्म केरळातला, डॉक्टर झाले बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये, कारकीर्द कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात. पहिल्या लेखाचे प्रमुख दारियुश मोझफ्फारियन हेही आहारशास्त्रातलं वजनदार नाव. दोघांपैकी कुणी हौशी नव्हतं, कुणी खोटंही बोलत नव्हतं. अंकाचं संपादकीय लिहिणाऱ्या सुझान ओपारिल यांनी हात टेकले आणि लिहिलं की चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला मोठा प्रयोग होत नाही, तोवर सगळ्या जनतेला सरसकट मीठ कमी करा म्हणून सांगू नये.

इतक्या थराला गोष्ट गेली कशी, हे समजायला शंभर वर्षं मागं जावं लागतं. मागं गेलं की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. हा वाद मिठाचा कमी आणि मापाचा जास्त आहे. माणसानं किती मीठ खाल्लं हे मोजायचं कसं, याच प्रश्नापाशी दोन्ही बाजू वेळोवेळी अडखळल्या.

सुरुवात पॅरिसची. १९०४ साली लिओ आंबार आणि युजीन बोजार या दोन डॉक्टरांनी रक्तदाब वाढलेल्या सहा रुग्णांना कधी कमी, कधी जास्त मीठ देऊन पाहिलं. मीठ तोडलं की दाब उतरे, दिलं की चढे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचं रिव्हा-रोची यांचं साधन येऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. रुग्ण फक्त सहा होते, पण प्रयोगाची रीत चोख होती. ज्याचं मीठ बदललं त्याचाच दाब मोजला. पुढच्या कितीतरी बड्या अभ्यासांना एवढं साधं पथ्यही पाळता आलं नाही.

मग वॉल्टर केंपनर. हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू डॉक्टर, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात स्थिरावले. १९३९ पासून त्यांनी अतिरक्तदाबाच्या, मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या रुग्णांना एक विचित्र पथ्य द्यायला सुरुवात केली. भात, फळं, फळांचे रस आणि साखर. मीठ जवळपास नाहीच. त्या काळी अशा रुग्णांसाठी धड औषध नव्हतं आणि रोग बळावला की बरेचसे काही महिन्यांत दगावत. केंपनर यांच्या लेखांत छातीचे क्ष-किरण फोटो आणि डोळ्याचे फोटो, आधीचे आणि नंतरचे, शेजारी शेजारी छापलेले असत. फुगलेलं हृदय आकसलेलं दिसे, डोळ्याच्या पडद्यावरची सूज ओसरलेली दिसे. पाहणारे थक्क होत. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि त्या भातात मिठाबरोबर प्रथिनं आणि चरबीही तुटली होती. गुण कशाचा आला, हे त्या फोटोंना सांगता येत नव्हतं.

मिठावर खरा ठपका ठेवला तो लुइस डाल यांनी. लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतले हे संशोधक. १९६० च्या सुमारास त्यांनी एक आलेख काढला. त्यात पाचच ठिपके होते : अलास्कातले मूळ रहिवासी, मार्शल बेटांवरचे लोक, ब्रुकहेवनमधले अमेरिकी, दक्षिण जपानातले हिरोशिमाकर आणि उत्तर जपानातले अकिताकर. जितकं मीठ जास्त, तितके रक्तदाबाचे रुग्ण जास्त, आणि पाचही ठिपके जवळजवळ एका रेघेत. अकिताचे शेतकरी मिसो, खारवलेल्या भाज्या आणि खारवलेले मासे खाऊन दिवसाला २५ ग्रॅमहून जास्त मीठ पोटात घालत, आणि पक्षाघातानं मरण्यात तो भाग जपानात आघाडीवर होता. हा आलेख पुढे पाठ्यपुस्तकांत गेला, भाषणांत गेला, सरकारी समित्यांपुढे गेला.

त्यातली खोट कॉलेजातल्या पोरालाही दाखवता येईल. अलास्का आणि अकिता यांच्यात फरक काय एकट्या मिठाचा आहे? हवा, काम, दारू, वजन, भाज्या, सगळंच वेगळं. देशांची सरासरी शेजारी मांडली म्हणजे माणसाच्या शरीरात काय घडतं ते कळत नाही. डाल यांना याची जाणीव असावी, कारण त्यांनी उंदरांकडेही मोर्चा वळवला. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांनी उंदरांच्या दोन जाती तयार केल्या. एका जातीला मीठ दिलं की दाब चढे, दुसरीला कितीही द्या, ढिम्म. या उंदरांचा फार मोठा उपयोग झाला आणि आजही होतो. मात्र उंदरांना दिलेला डोस माणसाच्या वजनाच्या हिशेबात मांडला तर कुणाही माणसाला गिळता येणार नाही इतका होता. शिवाय मीठ न बाधणारी दुसरी जातही त्याच पिंजऱ्यांत वाढत होती, आणि माणसांत कोण कुठल्या जातीचा हे ओळखायची सोय नव्हती.

राजकारणाला एवढा धीर नसतो. १९७७ च्या आरंभी अमेरिकी सिनेटच्या मॅकगव्हर्न समितीनं देशाला आहाराची उद्दिष्टं दिली. मीठ : दिवसाला ३ ग्रॅम. त्याच वर्षी डिसेंबरात सुधारित आवृत्ती निघाली. मीठ : ५ ग्रॅम. दहा-अकरा महिन्यांत माणसाचं शरीर बदललं नव्हतं. १५ मार्च १९८२ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मीठ खलनायक म्हणून झळकलं, प्रश्नचिन्हासकट.

प्रश्नचिन्ह लावणारे डॉक्टरांतही होते. न्यूझीलंडचे फ्रेडरिक सिम्पसन यांनी १९७९ मध्येच पुराव्याची संशयी नजरेनं तपासणी करणारा लेख लिहिला. इंग्लंडमधल्या लेस्टरचे जॉन स्वेल्स १९८० पासून या विषयाच्या हात धुऊन मागं लागले होते. त्यांचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण 'मीठ बिनधास्त खा' असं ते म्हणत नव्हते. रुग्णाचं मीठ तोडलं तर दाब थोडा उतरतो, हे त्यांना मान्य होतं. पुढचा प्रश्न त्यांचा होता. ज्याचा दाब मुळात ठीक आहे त्याचाही उतरतो का? किती? आणि उतरला तरी माणूस जास्त जगतो का?

हा शेवटचा प्रश्न चावटपणाचा नव्हता. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं, शरीर सोडियम धरून ठेवायच्या मागं लागतं, आणि हे संप्रेरक फार वाढणं रक्तवाहिन्यांना मानवत नाही अशी शंका होती. शिवाय मोजता येणारा आकडा सुधारला म्हणजे आयुष्य वाढलं, हे समीकरण वैद्यकात एकदा फार महागात पडलं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके चुकू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांचा मोठा प्रयोग १९८९ मध्ये अर्ध्यावर थांबवावा लागला. ठोके सुधारत होते आणि माणसं जास्त मरत होती.

मिठाविरुद्ध निर्णायक पुरावा आणायचा म्हणून उभा राहिला 'इंटरसॉल्ट'. शिकागोचे जेरेमाया स्टॅमलर, लंडनचे जेफ्री रोझ, मायकेल मार्मट आणि पॉल इलियट ही त्यामागची माणसं. ३२ देश, ५२ केंद्रं, २० ते ५९ वयाचे १०,०७९ स्त्री-पुरुष. भारतातली दोन केंद्रं होती, दिल्ली आणि लडाख. आहाराबद्दल लोक खरं सांगत नाहीत, सांगितलं तरी हाताच्या चिमटीचं वजन कुणाला ठाऊक असतं? म्हणून त्यांनी लघवी मोजली. खाल्लेल्या सोडियमपैकी बहुतेक सगळं लघवीवाटे बाहेर पडतं.

कल्पना सोपी, काम किचकट. माणसानं केंद्रावर यायचं, तिथं लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं. ती लघवी फेकून द्यायची आणि घड्याळ लावायचं. त्यानंतर चोवीस तास जिथं जाल तिथं बाटली बरोबर. शेतावर, कचेरीत, बाजारात, रात्री अंथरुणातून उठून. एक वेळ चुकली तरी हिशेब बिघडला. दुसऱ्या दिवशी परत केंद्रावर येऊन शेवटची लघवी त्याच बाटलीत. त्यातला नमुना गोठवायचा आणि विमानानं बेल्जियममधल्या लूव्हेनला पाठवायचा, कारण सगळ्या जगाचं सोडियम एकाच प्रयोगशाळेत मोजायचं ठरलं होतं. ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामींची लघवीही अशीच लूव्हेनला पोहोचली. तिच्यात सोडियम जवळजवळ सापडलंच नाही. त्यांच्या आहारात मीठच नसतं. त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ च्या आसपास होता आणि वयाबरोबर तो वाढतही नव्हता. दुसऱ्या टोकाला चीनमधलं तिआनजिन, दिवसाला जवळजवळ १४ ग्रॅम मीठ.

निकाल जुलै १९८८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला आणि दोन्ही पक्षांनी विजयाच्या आरोळ्या ठोकल्या. बावन्नही केंद्रं घेतली तर मीठ आणि दाब यांचं नातं दिसत होतं. पण ब्राझीलमधल्या दोन जमाती, केनिया आणि पापुआ न्यू गिनी ही चार अति-अळणी केंद्रं बाजूला काढली की उरलेल्या अठ्ठेचाळीस केंद्रांत ते नातं विरून जात होतं. एक गोष्ट मात्र टिकत होती. जिथं मीठ जास्त, तिथं वयाबरोबर दाब अधिक वेगानं चढत होता. त्याच अंकाच्या संपादकीयात स्वेल्स यांनी अतिरक्तदाबात मिठाचं महत्त्व किरकोळ असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे अभ्यास आणि त्याच्या दुधातला मिठाचा खडा एकाच दिवशी छापला गेला.

पुढं मिठाचे व्यापारी मैदानात उतरले. व्हर्जिनियातल्या 'सॉल्ट इन्स्टिट्यूट' या कंपन्यांच्या संघटनेनं इंटरसॉल्टचे मूळ आकडे मागितले. संशोधकांनी ते दिले नाहीत. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःच फेरहिशेब प्रसिद्ध केला आणि त्यात मिठाचा प्रभाव आधीपेक्षा चांगलाच मोठा निघाला. कारण असं दिलं की एका दिवसाची लघवी म्हणजे माणसाची नेहमीची सवय नव्हे. आज लग्नात जेवला, उद्या उपास. या चढउतारामुळे खरं नातं पातळ दिसतं, म्हणून आकडा वर उचलून दुरुस्त केला. नमुन्यातल्या आठ टक्के माणसांची लघवी दुसऱ्यांदा गोळा केली होती, तिच्या आधारे ही दुरुस्ती झाली. जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि अँड्र्यू फिलिप्स यांनी त्याच नियतकालिकात हरकत घेतली की दुरुस्तीच्या नावाखाली आकडा फुगवला जातोय. हरकतीत तथ्य होतं. पण एका दिवसाच्या लघवीवर विसंबता येत नाही, हेही खरंच होतं, आणि हे खरं पुढं संशयवाद्यांच्याच अंगावर आलं.

संशयवाद्यांचे हात अगदी स्वच्छ होते असंही नाही. १९९६ मध्येच टोरोंटोच्या लोगन आणि सहकाऱ्यांनी ५६ प्रयोगांची गोळाबेरीज करून दाखवलं की निरोगी माणसाचा दाब मीठ तोडून जेमतेम १ मिलिमीटरनं उतरतो. या कामाला पैसा 'कँपबेल' या सूपवाल्या कंपनीचा होता, आणि डब्यातलं सूप मिठावरच उभं असतं. गणित चुकीचं होतं असं त्यामुळे सिद्ध होत नाही. दोन वर्षांनी डेन्मार्कच्या नील्स ग्राउडाल यांनी वेगळी गोळाबेरीज केली तेव्हा निरोगी माणसांसाठी उत्तर तेवढंच आलं, १.२.

आतापर्यंत बोलणं रक्तदाबाचं होतं. मृत्यूचा विषय न्यू यॉर्कच्या मायकेल ऑल्डरमन यांनी आणला. औषधं घेणाऱ्या जवळपास तीन हजार रक्तदाबाच्या रुग्णांचा त्यांनी पाठपुरावा केला, आणि १९९५ मध्ये सांगितलं की ज्या पुरुषांच्या लघवीत सोडियम सर्वांत कमी होतं, त्यांनाच हृदयविकाराचे झटके जास्त आले. बायकांत असं काही आढळलं नाही. झटके एकूण मोजून पन्नासेक, आणि नमुना देण्याआधी काही दिवस रुग्णांना खारट टाळायला सांगितलेलं होतं. मग ती लघवी त्यांच्या सवयीची की आज्ञाधारकपणाची? तीन वर्षांनी ऑल्डरमननी अमेरिकी सरकारच्या जुन्या आरोग्य पाहणीतली अकरा हजारांहून अधिक माणसं तपासली. निष्कर्ष पुन्हा तोच : मीठ कमी खाणारे जास्त मेले. इथं माप होतं एकच प्रश्न, काल काय काय खाल्लंत? जेवताना वरून घेतलेलं मीठ त्यात मोजलंच नव्हतं. गंमत पुढेच आहे. १९९९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी याच पाहणीतली याच माणसांची माहिती घेतली, त्यांतले वजनदार लोक वेगळे काढले आणि दाखवलं की त्यांच्यात मीठ जास्त खाणारेच जास्त मेले. डबा एकच. झाकण कुठून उघडायचं तेवढं ज्यानं त्यानं ठरवायचं.

याच सुमारास, ऑगस्ट १९९८ मध्ये, पत्रकार गॅरी टाउब्स यांनी 'सायन्स' साप्ताहिकात मिठाच्या शास्त्रामागचं राजकारण उघडं पाडणारा लांबलचक लेख लिहिला आणि वाद वैद्यकाच्या बाहेर पोहोचला. लेख जबरदस्त होता. मला त्यातली पुराव्यावरची टीका आजही बहुतेक पटते. टाउब्सनी तिच्यातून जो एकूण सूर काढला, तो मात्र काळाच्या कसोटीला उतरला नाही.

उतरला नाही, कारण २००१ मध्ये 'डॅश-सोडियम' प्रयोगाचा निकाल आला. ४१२ माणसांचं सगळं जेवण संशोधकांनी रांधून दिलं. महिनाभर एक पातळी, महिनाभर दुसरी, महिनाभर तिसरी. मीठ उतरत गेलं तसा दाब उतरत गेला, रक्तदाब नसलेल्यांतसुद्धा. स्वयंपाकघरच ताब्यात घेतल्यावर लघवीच्या बाटलीवर भरवसा ठेवायची गरज उरली नाही. आंबार आणि बोजार यांची रीत जवळपास शंभर वर्षांनी परत आली होती, नीट आणि मोठ्या प्रमाणावर. रक्तदाबाचा प्रश्न माझ्या मते तिथं मिटला.

मृत्यूचा मिटला नाही. २००७ मध्ये नॅन्सी कुक यांनी मीठ कमी करण्याच्या दोन जुन्या प्रयोगांतल्या माणसांना दहा-पंधरा वर्षांनी गाठलं. मीठ कमी करायला शिकवलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात पाव हिश्शानं कमी होते, मृत्यूंतला फरक मात्र योगायोगाचाही असू शकेल इतकाच होता. २०११ मध्ये लूव्हेनहूनच, जिथं इंटरसॉल्टची लघवी मोजली गेली होती त्याच गावाहून, यान स्टासेन यांच्या गटानं उलटा निकाल आणला. ३,६८१ माणसांचे तीन गट पाडले. कमी सोडियमच्या गटात हृदयविकारानं ५० मृत्यू, मधल्यात २४, जास्त सोडियमच्या गटात १०. वाचून चक्रावायला होतं. अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रातल्यांनी हे काम उघडपणे धुडकावून लावलं. दोन वर्षांनी त्याच सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की सोडियम २.३ ग्रॅमच्या खाली नेण्यानं फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, आणि दीड ग्रॅमचा आग्रह धरणाऱ्या अमेरिकन हार्ट असोसिएशननं लगेच नाराजी नोंदवली.

अशा वातावरणात 'प्युअर'चा तो २०१४ चा लेख आला. एक लाख माणसांकडून चोवीस तासांची बाटली जमवणं अशक्य, म्हणून सकाळची एकच लघवी घेतली आणि जपानी संशोधक कावासाकी यांच्या सूत्रानं दिवसाचं सोडियम काढलं. त्या सूत्रात माणसाचं वय, वजन, उंची आणि लिंगही घालावं लागतं. इथंच गोम आहे. वय आणि वजन हे स्वतःच मृत्यूशी बांधलेले असतात. सूत्रातून बाहेर पडलेला आकडा मिठाचा म्हणायचा की म्हातारपणाचा? त्याला सूत्राची दुसरी खोड जोडा : ज्यांचं मीठ कमी त्यांना ते जास्त दाखवतं, ज्यांचं जास्त त्यांना कमी. आणि तिसरी, कुठल्याही अशा अभ्यासातली जुनीच अडचण. आजारी माणूस मुळातच कमी जेवतो. तो मेला तर दोष कमी मिठाला लागतो.

फेंग हे आणि ग्रॅहम मॅकग्रेगर यांनी २०१८ मध्ये सहकाऱ्यांसह हे पडताळून पाहिलं. कुक यांच्याच माणसांची अनेक वेळा गोळा केलेली चोवीस तासांची लघवी वापरली, तर मीठ आणि मृत्यू यांचं नातं सरळ रेषेत येत होतं, कमी मिठाकडे धोका उलटा वळत नव्हता. त्याच माणसांच्या आकड्यांवर कावासाकींचं सूत्र चालवलं की रेषेला वाक आला. म्हणजे कमी मिठाचा धोका सूत्रानं निर्माण केला होता. मॅकग्रेगर हे ब्रिटनमध्ये मिठाविरुद्ध मोहीम चालवणारे, त्यामुळे तेही तटस्थ नव्हतेच. पण हा युक्तिवाद कुणाच्या बाजूचा आहे हे पाहून बाद करता येत नाही.

आणखी एक धक्का मॉस्कोतून आला. मंगळावर जाण्याची रंगीत तालीम म्हणून तिथं काही पुरुषांना महिनोन्‌महिने एका बंद यानात ठेवलं होतं. जर्मन संशोधक येन्स टिट्झे यांनी संधी साधली. रोज नेमकं मोजलेलं मीठ, १२ ग्रॅम, मग ९, मग ६, आणि रोजची लघवी गोळा. इतक्या बंदोबस्तातही खाणं स्थिर असताना लघवीतलं सोडियम दिवसागणिक वरखाली होत राहिलं. एका दिवसाच्या बाटलीवरून ३ ग्रॅम मिठाचा फरक ओळखता येत नाही, असं त्यांना लिहावं लागलं. तपासावर तपास आणि बाटल्यांवर बाटल्या उपसल्यानंतर मापाची पट्टीच सरकती निघाली. स्टासेन यांचा अभ्यास एकेका बाटलीवर उभा होता. इंटरसॉल्टही.

तोवर दोन्ही तट एकमेकांचं वाचेनासे झाले होते. त्रिंक्वार, जॉन्स आणि गॅलिया यांनी २०१६ मध्ये १९७८ ते २०१४ या काळातले २६९ लेख तपासले. ५४ टक्के मिठाच्या विरोधात, ३३ टक्के त्या मताला छेद देणारे, बाकी कुंपणावर. प्रत्येक तट मुख्यतः आपल्याच तटाचे दाखले देत होता. २०१८ मध्ये दोन्हीकडच्या काही जाणत्यांनी एकत्र बसून तोडगा काढला, तोही अजब : अमेरिकी तुरुंगांत प्रयोग करू, कारण तिथं कैद्यांचं जेवण ताब्यात असतं.

तुरुंगात जावं लागलं नाही, चीनच्या खेड्यांनी काम केलं. बीज तैवानात पडलं होतं. तिथल्या निवृत्त सैनिकांच्या वसतिगृहातल्या पाच स्वयंपाकघरांत चिठ्ठ्या टाकून काहींमध्ये निम्मं पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ वापरलं गेलं, आणि २००६ मध्ये निकाल आला की त्या पंगतीत हृदयविकारानं मरणारे बरेच कमी निघाले. ब्रूस नील यांच्या गटानं असाच प्रयोग उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत केला. २०,९९५ माणसं, सगळी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठी ओलांडलेली आणि रक्तदाबाची. तीनशे खेड्यांत नेहमीचं मीठ. तीनशे खेड्यांत घरच्या सगळ्यांना पुरेल इतकं नवं मीठ फुकट, तीन हिस्से सोडियम क्लोराइड आणि एक हिस्सा पोटॅशियम क्लोराइड. ना सूत्र, ना कालच्या जेवणाची आठवण. पावणेपाच वर्षं नुसती वाट पाहायची आणि मोजायचं : पक्षाघात किती, मृत्यू किती. चार हजारांहून अधिक माणसं या काळात गेली. २०२१ मध्ये निकाल आला. नव्या मिठाच्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी.

संशयवाद्याला इथंही बोलायला जागा आहे, आणि ती त्याला दिली पाहिजे. त्या खेड्यांत सोडियम रोज जेमतेम ०.३५ ग्रॅमनं घटलं, पोटॅशियम ०.८ ग्रॅमनं वाढलं. मग जीव वाचवला तो कमी झालेल्या सोडियमनं की वाढलेल्या पोटॅशियमनं? हा प्रयोग दोघांना सुटं करून दाखवत नाही. निरोगी तरुणाबद्दलही तो काही सांगत नाही. पण मीठ कमी केलं तर माणसं मरतील, ही भीती निदान त्या वयाच्या, त्या आजाराच्या लोकांपुरती इथं टिकत नाही. पुढच्याच वर्षी सहा जुन्या अभ्यासांतल्या दहा हजारांवर माणसांच्या अनेक दिवसांच्या बाटल्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा प्रत्येक ग्रॅम सोडियममागं हृदयविकाराचा धोका १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि कमी बाजूला वाक दिसला नाही. माप सुधारलं तसतशी रेषा सरळ होत गेली. स्वेल्स आणि सिम्पसन यांनी मागितलेला पुरावा मिळाला, तो त्यांच्या विरोधकांच्या पदरात पडला. तरी मागितला नसता तर आला नसता, एवढं श्रेय त्यांना द्यावंच लागतं.

म्हणून आता मथळ्यांवर विश्वास ठेवावा, असं नाही. २०२२ मध्येच ब्रिटनमधल्या पाच लाख लोकांचा अभ्यास गाजला : जेवताना नेहमी वरून मीठ घेणाऱ्यांत अकाली मृत्यू २८ टक्के जास्त. इथं पुन्हा माप म्हणजे एक प्रश्न, वरून मीठ घेता का? ब्रिटनमध्ये त्याला काही अर्थ असेलही. आपल्या पंगतीत पानाच्या डाव्या कोपऱ्यात सगळ्यांच्या आधी मीठच वाढतात, आणि खरं मीठ आमटीत, लोणच्यात, पापडात आणि फरसाणात असतं. आपण त्या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं, आणि त्यावरून आपलं आयुष्य किती धरलं असतं, याचा विचार करून पाहावा.

भारतात माणशी रोजचं मीठ अभ्यासागणिक ८ ते ११ ग्रॅम भरतं. ५ ग्रॅमच्या मर्यादेनं हे जास्तच आहे, 'प्युअर'च्या सुखरूप पट्ट्यात मात्र ते बसतं. व्यापाऱ्यांची ती सॉल्ट इन्स्टिट्यूट २०१९ मध्ये बंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं घरातल्या साध्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ वापरण्याची शिफारस केली, तीही सशर्त. मुलं, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण त्यातून वगळले आहेत. असं मीठ आता आपल्याकडेही दुकानात मिळतं. घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा रक्तातलं पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर पुडा फोडण्याआधी डॉक्टरांना विचारा.